ठिणगीची वेळ

वर्ध्याहून सेवाग्रामास जाणारा रस्ता आज डांबरी आहे आणि मोटारीने तो पाहता पाहता सरतो. १९३६ साली तो तसा नव्हता. त्या वर्षीच्या ३० एप्रिलला गांधीजी शेगाव नावाच्या खेड्यात राहावयास गेले. याच खेड्याला पुढे १९४० साली सेवाग्राम हे नाव मिळाले. वर्धा शहर आणि हे खेडे यांच्यामधली पाचेक मैलांची वाट काळ्या जमिनीतून जात होती, आणि काळ्या जमिनीतला पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या वाटेचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. गांधीजींना वर्ध्यास आणणारे शेठ जमनालाल बजाज यांच्या घरी मोटारी होत्या. परंतु चिखलात मोटारीची प्रतिष्ठा चालत नाही. बजाजांकडील एका जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन काढून टाकले, तिला बैल जुंपले आणि मंडळींनी गमतीने तिचे नाव ‘ऑक्सफर्ड’ ठेवले, अशी हकीकत वर्ध्यात सांगत आले आहेत. ‘ऑक्स’ म्हणजे बैल, आणि फोर्ड ती फोर्डच.

ही हकीकत ऐकून माणसे हसतात आणि तेथेच थांबतात. पण यंत्रविद्येच्या दृष्टीने पाहता तिच्यात एक विचार करण्याजोगा प्रश्न आहे. बैलाला जोर केव्हा लावावा हे कळते. चढ आला की तो आपण होऊन मान खाली घालतो, उतार आला की मागे रेटून धरतो, ओझे वाढले की पाऊल आखडते घेतो. इंजिनाला यातले काही कळत नाही. त्याच्या पोटात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण भरलेले असले तरी ते नेमके कोणत्या क्षणी पेटवावयाचे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. हे सांगण्याचे साधन म्हणजे ठिणगी. मोटारीच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचा एक मोठा भाग, ही ठिणगीची वेळ कोणी सांगावयाची, या एकाच प्रश्नाच्या उत्तरांनी भरलेला आहे. ते काम आधी चालकाच्या बोटांकडे होते, मग मिस्त्रीच्या कानाकडे आले आणि अखेरीस नखाएवढ्या विद्युत्-तुकड्याकडे गेले. या प्रत्येक स्थित्यंतरात माणसाची काही कटकट गेली आणि तिच्याबरोबर थोडी विद्याही गेली.

प्रश्न काय आहे हे आधी नीट समजून घ्यावयास हवे. चार फेऱ्यांच्या इंजिनात दट्ट्या प्रथम खाली येऊन मिश्रण आत ओढतो, मग वर जाऊन ते दाबतो. त्यानंतर ते मिश्रण पेटते आणि दट्ट्याला खाली ढकलते. शेवटी दट्ट्या पुन्हा वर येऊन जळका वायू बाहेर लोटतो. सामान्य समजूत अशी की दट्ट्या अगदी वर पोचला की ठिणगी पडते. ती बरोबर नाही. मिश्रण एका क्षणात भडकत नाही. ते पेटून त्याचा जोर पुरता यावयास काही अवधी लागतो. पंगत बाराला बसावयाची असेल तर गृहिणी चूल बाराला पेटवीत नाही. भाताला लागणारा वेळ धरून ती आधीच पेटवते. इंजिनाचेही तसेच आहे. दट्ट्या वर पोचण्यापूर्वीच, आस काही अंश फिरावयाचा राहिलेला असताना, ठिणगी द्यावी लागते. यालाच कारखान्यातली माणसे ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात.

हा अवधी किती सूक्ष्म असतो, ते आकड्यांवरून ध्यानात येईल. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात, आणि आसाला एक अंश फिरावयास सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो. मिश्रणाला जळावयास सेकंदाचे दोन सहस्रांश लागतात असे धरले, तर तेवढ्यात आस ३६ अंश फिरून जातो. तेच इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी संथ चालत असेल तर त्याच अवधीत तो फक्त ७ अंश फिरतो. वेगाबरोबर आतली घुसळण वाढून मिश्रणही काहीसे लवकर जळते, म्हणून प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही. परंतु दिशा हीच. तात्पर्य, वेग वाढेल तशी ठिणगी लवकर हवी आणि वेग घटेल तशी उशिरा. पंगत घाईची असली तर चूल आणखी आधी पेटवावी लागते, तसाच हा प्रकार.

वेळ चुकली तर काय होते? ठिणगी फार उशिरा पडली तर दट्ट्या खाली निघून गेल्यावर त्याच्या मागून ढकल मिळते. इंजिन निर्जीव वाटते, पेट्रोल वाया जाते, आणि जळता वायू बाहेर पडताना झडपा व धुराची नळी तापवतो. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच समोरून टोला बसतो. आतून खटखट आवाज येऊ लागतो, आणि तो दुर्लक्षिला तर दट्ट्याचा माथा वितळून त्याला भोक पडू शकते. दोन्ही चुकांची शिक्षा धन्याच्या खिशाला बसते. जुन्या काळी तर ती चालकाच्या हाडांनाही बसत असे.

विजेच्या ठिणगीने मिश्रण पेटविण्याची युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. पॅरिसमध्ये लेन्वार याने १८६० साली आपले वायूवर चालणारे इंजिन अशाच ठिणगीने चालविले. पुढे १८७६ साली जर्मनीत ओटो याने चार फेऱ्यांचे इंजिन सिद्ध केले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८८६ साली, कार्ल बेन्झ याने आपल्या तीनचाकी मोटारीचे एकस्व घेतले; तिच्यातही बॅटरी आणि विजेचे वेटोळे यांनीच ठिणगी पडे. त्याचा समकालीन डाइम्लर मात्र बाहेरून ज्योतीने तापविलेल्या नळीच्या लालबुंद टोकाने मिश्रण पेटवी. त्या पद्धतीत वेळेवर माणसाचा ताबा जवळजवळ नव्हताच. नळी तापेल तसे इंजिन चाले. १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात होनोल्ड नावाच्या तंत्रज्ञाने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याबरोबर वापरावयाचा प्लग तयार केला. त्यामुळे बॅटरीवाचून खात्रीची ठिणगी मिळू लागली आणि तापत्या नळीचे युग संपले.

हिंदुस्थानात मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास, मुंबईत. पहिल्या काही मोटारमालकांत जमशेटजी टाटा यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या नागपुरातील एम्प्रेस मिलने १८७७ पासून हिंगणघाट-वर्ध्याकडच्या कापसाच्या मुलखात आपले ठाण मांडले होते. पण मोटार खेडोपाडी पोचविली ती श्रीमंतांच्या विलायती गाड्यांनी नव्हे, अमेरिकन फोर्डने. १९०८ पासून १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ नमुन्याच्या मोटारीला सुकाणूच्या चाकाखाली दोन लहान तरफा असत. उजव्या तरफेने पेट्रोलचा पुरवठा कमीजास्त होई, आणि डाव्या तरफेने ठिणगीची वेळ पुढेमागे होई. म्हणजे मोटार हाकणाऱ्याला दोन्ही हातांची दोन वेगळी कामे होती. रस्ता मोकळा सापडला की डावी तरफ हळूच खाली ओढावयाची. चढावर इंजिन कण्हू लागले की ती थोडी वर सारावयाची. बैलाची जाण त्या काळी चालकाच्या डाव्या बोटांत उतरावी लागे. १९२६ साली फोर्ड कंपनीने हिंदुस्थानात आपली शाखा स्थापून मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे गाड्या जोडण्यास प्रारंभ केला, आणि या गाड्यांचा प्रसार आणखी वाढला.

त्या डाव्या तरफेचे खरे महत्त्व गाडी चालू करताना कळे. गाडी चालू करावयाची ती पुढे उभे राहून, हँडल मारून. त्यापूर्वी तरफ अगदी वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल अशी ठेवावी, हा पहिला नियम. जो तो विसरे त्याच्या हँडलाच्या मंद फेऱ्यात ठिणगी दट्ट्या वर येण्यापूर्वीच पडे, इंजिन उलट फिरे आणि हँडल मनगटावर आदळे. मनगटाचे हाड मोडण्याचा हा प्रकार इतका सार्वत्रिक होता की जाणते चालक शिकाऊ मुलांना दोन गोष्टी आधी पढवीत. अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा, हँडलाला वेढा घालावयाचा नाही. आणि हँडल खालून वर ओढावयाचे, वरून खाली दाबावयाचे नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसविला आणि हळूहळू या अपघातांतून सुटका झाली.

याच केटरिंगने त्यापूर्वी बॅटरीवर चालणारी ठिणगीची जी नवी रचना केली होती, तिच्यातून पुढे घरोघरच्या मोटारींत दिसणारा डिस्ट्रिब्यूटर रूढ झाला. त्यात आसाच्या निम्म्या गतीने फिरणारा एक दांडा असतो. त्याच्या कंगोऱ्यांनी पॉइंट उघडतात, आणि पॉइंट उघडण्याच्या क्षणी ठिणगी पडते. पुढे या दांड्याला स्प्रिंगांनी बांधलेली दोन लहान वजने बसविण्यात आली. गती वाढली की गोफणीतल्या दगडासारखी ती बाहेर फाकतात आणि ठिणगी आपोआप लवकर पडू लागते. त्यानंतर एक पातळ पडदा आला. इंजिनाने हवा ओढताना जी पोकळी निर्माण होते तिच्या जोराने हा पडदा हलतो आणि गाडीवर ओझे किती आहे त्याप्रमाणे वेळ सारतो. सपाट रस्त्यावर कमी पेट्रोलात चालताना सिलिंडरात मिश्रण विरळ भरलेले असते. ते सावकाश जळते, म्हणून ते आणखी आधी पेटविणे इष्ट असते. अशा रीतीने चालकाच्या हातातली डावी तरफ नाहीशी झाली. चालक मोकळा झाला. पण या वजनांना व पडद्याला पहिली योग्य वेळ लावून देणारा माणूस मात्र हवाच होता. तो म्हणजे मिस्त्री.

मिस्त्रीच्या या विद्येची कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाले आणि शिधापत्रिकेवर मोजके पेट्रोल मिळू लागले. १९४२ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशातील येनांजाउंगच्या तेलविहिरी माघार घेणाऱ्या इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त केल्या, आणि टंचाई आणखी तीव्र झाली. वर्धा जिल्ह्यासारख्या प्रदेशाला ही अडचण साधी नव्हती. पुलगावहून आर्वीपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी होती. परंतु तिच्यापलीकडच्या आष्टी-कारंजाकडील गावांना बैलगाडी किंवा मोटार याखेरीज वाहन नव्हते. पेट्रोल नाही म्हणजे मोटार नाही, आणि मोटार नाही म्हणजे अडल्या रोग्याला वर्ध्याच्या दवाखान्यात वेळेवर नेणे नाही.

त्या वेळी देशात जागोजाग जो उपाय निघाला तो लाकडी कोळशाचा. मोटारीच्या मागे किंवा बाजूला लोखंडी पिंप बसवीत. त्यात कोळसा पेटवून त्याला बेताचीच हवा दिली की कर्बाचा अपुरा जळलेला वायू तयार होतो, आणि तो थंड करून, गाळून इंजिनात सोडला की इंजिन चालते. एक लिटर पेट्रोलचे काम साधारण दीड किलो कोळसा करी. ही कल्पना केवळ हिंदुस्थानची नव्हती. स्वीडनसारख्या लहान देशात युद्धकाळात सुमारे ७० हजार वाहने लाकूड व कोळसा यांवर धावत होती. आपल्याकडे सकाळी गाडी निघण्यापूर्वी पंख्याचा दांडा फिरवीत कोळसा फुलविणारा क्लीनर आणि भोवती जमलेली पोरे हे दृश्य त्या पिढीच्या पुष्कळांच्या ध्यानात राहिले.

परंतु पिंप बसविल्याने काम संपत नव्हते. या वायूत निम्म्याच्या आसपास भाग हवेतल्या नत्रवायूचा असतो, जो जळत नाही. त्यामुळे इंजिनाची ताकद तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटे. आणि दुसरे असे की हा वायू पेट्रोलच्या मानाने सावकाश जळे. ओल्या लाकडावर भात करावयाचा असेल तर चूल आणखी आधी पेटवली पाहिजे. येथे ठिणगी पेट्रोलच्या मानाने दहा-पंधरा अंश तरी आधी द्यावी लागे. ज्याने हे जाणून डिस्ट्रिब्यूटर फिरविला त्याची गाडी घाट चढली. ज्याने पेट्रोलचीच वेळ ठेवली त्याने कोळशाला दोष दिला. अडचण अशी की पुष्कळ गाड्या पेट्रोलवर चालू करून मग वायूवर वळवीत. म्हणजे एकाच इंजिनाला दोन मुखे झाली, एक पेट्रोलच्या कार्बुरेटरचे आणि दुसरे वायूच्या मिश्रकाचे, आणि दोघांना ठिणगीच्या दोन निराळ्या वेळा हव्या. जी हातातली तरफ कालबाह्य म्हणून काढून टाकली होती तिची आठवण त्या दिवसांत अनेकांना झाली असेल. शिवाय हा वायू विषारी, आणि त्याला ना रंग ना वास. बंद गॅरेजात कोळसा फुलवीत बसणाऱ्याच्या जिवावर बेतण्याचा धोका रोजचा होता.

याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत याच विषयाचा विचार अगदी निराळ्या टोकाने चालला होता, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम तेथे जे. सी. कुमारप्पा पाहात. भूगर्भातले तेल व दगडी कोळसा हा संपणारा साठा आहे. माणसाने आपला व्यवहार होईल तितका दरवर्षी नव्याने उगवणाऱ्या वस्तूंवर उभारावा, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि रॉकेलऐवजी वनस्पतीच्या तेलावर जळणारा ‘मगन दीप’ हे त्याचे घरगुती उदाहरण होते. मोटारवाल्यांनी कोळसा घेतला तो तत्त्वासाठी नव्हे, निरुपायाने. म्हणून युद्ध संपून पेट्रोल मिळू लागताच पिंपे भंगारात गेली. पण इंधन बदलले की वेळ बदलावी लागते, हा धडा त्या पिंपांनी शिकविला होता, आणि तो पुढे पुन्हा उपयोगी पडावयाचा होता.

युद्धानंतर ज्या मोटारींनी शौकिनांचे लक्ष वेधले त्यांत दोन कार्बुरेटरच्या इंग्रजी गाड्या होत्या. १९४५ ते १९४९ या काळातील एम. जी. कंपनीची ‘टी. सी.’ ही त्यांपैकी प्रसिद्ध गाडी. एका कार्बुरेटरने चार सिलिंडरांना लांब नळीतून मिश्रण पोचवावयाचे म्हटले की टोकाच्या सिलिंडरांवर अन्याय होतो, आणि मोठ्या वेगात एकच मुख अपुरे पडते. म्हणून दोन लहान कार्बुरेटर बसवून प्रत्येकाकडे दोन सिलिंडर सोपवीत. या गाड्यांवरचे ‘एस. यू.’ जातीचे कार्बुरेटर जॉर्ज हर्बर्ट स्किनर याच्या कल्पनेतले. त्याचे घराणे जोड्यांचा व्यापार करणारे, आणि त्याच्या पहिल्या कार्बुरेटरांत धातूच्या दट्ट्याऐवजी चामड्याचा भाता असे. चांभारकामाचे चामडे मोटारीच्या घशात गेले, ते असे.

दोन कार्बुरेटरच्या इंजिनाची वेळ लावणे हे मिस्त्रीच्या कौशल्याचे शिखर मानले जाई, आणि आजही जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांत ते तसेच मानले जाते. यात पहिला नियम क्रमाचा आहे. आधी झडपांची अंतरे, मग प्लग, मग पॉइंट, मग ठिणगीची वेळ, आणि सर्वांत शेवटी कार्बुरेटर. पॉइंटांमधले अंतर बदलले की ठिणगीची वेळ बदलते. ठिणगीची वेळ बदलली की इंजिनाची मंद गती बदलते. मंद गती बदलली की कार्बुरेटरचे सारे जमवलेले माप बिघडते. शिवाय वेळ सारणाऱ्या त्या पडद्याची नळी अशा पुष्कळ गाड्यांत दोहोंपैकी एकाच कार्बुरेटरला जोडलेली असते. दोन्ही कार्बुरेटर सारखे ओढत नसतील तर पडद्याला खोटी वार्ता पोचते. उलट क्रमाने काम करणारा मनुष्य दिवसभर स्क्रू फिरवतो आणि संध्याकाळी सकाळच्याच ठिकाणी असतो. कार्बुरेटर बिघडला म्हणून आणलेल्या गाडीचे दुखणे पुष्कळदा पॉइंटात सापडते, ते यामुळेच.

प्रत्यक्ष कृती अशी. पॉइंटांत फीलर गेज घालून ठरलेले अंतर ठेवावयाचे. त्या इंग्रजी गाड्यांत ते बहुधा इंचाच्या पंधरा सहस्रांशाजवळ असे. मग पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून इंजिन हाताने फिरवावयाचे. बोटाला दाब लागला की दट्ट्या दाबाच्या फेरीत वर येत आहे हे निश्चित होते. ही खूण न पाहणारा मनुष्य पूर्ण एका फेऱ्याने चुकतो. कप्पीवरची खूण ठरलेल्या अंशाशी आणावयाची, आणि ती पुढे गेली तर पुष्कळ मागे घेऊन पुन्हा सरळ दिशेनेच आणावयाची, म्हणजे साखळीतला ढिलेपणा मापात शिरत नाही. आता एका लहान दिव्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला जोडून चावी फिरवावयाची. पॉइंट मिटलेले असतील तोवर दिवा विझलेला राहतो. डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरविताना ज्या क्षणी तो उजळतो तो क्षण ठिणगीचा. तेथे खिळा आवळावयाचा. डिस्ट्रिब्यूटर निम्म्या गतीने फिरतो, म्हणून त्याचा एक अंश म्हणजे आसाचे दोन अंश, हे विसरावयाचे नाही. नंतर लुकलुकणारा दिवा आला. त्याने चालत्या इंजिनावरची खूण जणू स्थिर उभी राहिलेली दिसते आणि वेग वाढविला की ती सरकताना दिसते. तपासणीच्या वेळी पडद्याची नळी काढून तिचे तोंड बंद ठेवतात.

एवढे झाल्यावर कार्बुरेटरची पाळी. दोहोंना जोडणाऱ्या दांड्याच्या पकडी सैल करून ते स्वतंत्र करावयाचे. रबराच्या नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्बुरेटरच्या मुखाशी धरून आत जाणाऱ्या हवेची फूत्कार ऐकावयाची, मग दुसऱ्याची. दोन्ही एकसारख्या येईपर्यंत स्क्रू फिरवावयाचे. त्यानंतर एकेकाचा आतला दट्ट्या किंचित उचलून पाहावयाचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल अधिक. इंजिन गुदमरू लागले तर कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. मग पकडी आवळून दोन्ही झडपा एकाच क्षणी उघडतात ना हे पाहावयाचे, आणि शेवटी ठिणगीची वेळ पुन्हा एकदा ताडून घ्यावयाची. या कामात हत्यारे अगदी थोडी लागतात. लागतो तो कान, आणि घाई न करणारा स्वभाव.

भारतात दोन कार्बुरेटरच्या मोटारी थोड्याच फिरल्या. मात्र १९८३ पासून काही वर्षे निघालेल्या राजदूत ३५० या मोटारसायकलीने दोन सिलिंडर, दोन कार्बुरेटर आणि पॉइंटांचे दोन संच अशी ही सारी विद्या तरुण मिस्त्रींच्या हाती दिली. ज्यांना ती साधली नाही त्यांनी गाडीला फार पिते म्हणून नावे ठेवली.

सामान्य मराठी घरात ठिणगीचा प्रश्न शिरला तो मात्र स्कूटरमधून, आणि येथे ही कथा पुन्हा वर्ध्याच्या त्याच घराण्याकडे येते. जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास निवर्तले. त्यांच्या कुटुंबाने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापिली. तिने १९४८ पासून इटलीच्या व्हेस्पा स्कूटरी आणून विकल्या. तीच पुढे बजाज ऑटो झाली आणि पुण्याजवळ आकुर्डीस तिचा कारखाना उभा राहिला. इटालियन कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली ‘चेतक’ आली. या स्कूटरीचे पॉइंट गतिचक्राच्या आत असत आणि ठिणगीची वेळ एकदा लावली की सर्व वेगांना तीच. वजने नाहीत, पडदा नाही. गृहस्थाने पॉइंट घासावेत, प्लग पुसावा, स्कूटर एका अंगाला कलती करावी आणि किक मारावी, हा एका पिढीचा प्रातःकालीन विधी होऊन बसला.

पुढे पॉइंटांची जागा विद्युत्-यंत्रणेने घेतली. २००३ साली याच कंपनीने आपल्या ‘पल्सर’ मोटारसायकलीवर एकाच सिलिंडरात दोन प्लग बसविले. मिश्रण दोन बाजूंनी पेटले की लवकर जळून होते. ठिणगी कोणत्या वेगाला व कोणत्या ओझ्याला केव्हा द्यावी, याचे कोष्टकच आता एका लहान विद्युत्-तुकड्यात साठविलेले होते. या दोन ठिणग्यांच्या हक्कावरून दुसऱ्या एका कंपनीशी २००७ साली सुरू झालेला वाद २०१९ साली तडजोडीने मिटला. ज्या गोष्टीसाठी पूर्वी डाव्या हाताची दोन बोटे पुरत, तिच्यासाठी बारा वर्षे न्यायालयात लढावे इतकी तिची किंमत झाली होती.

१ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बुरेटरही जवळजवळ नाहीसा झाला. आता पेट्रोल मोजून फवारले जाते, आणि पुष्कळ मोटारींत इंजिनाची खटखट ऐकणारा एक विद्युत्-कान बसविलेला असतो. तो खटखट ऐकताच ठिणगी थोडी मागे घेतो. बैल चढावर मान खाली घालतो, तसेच हे झाले. इंजिनाला अखेर जाण आली. पण ती त्याच्या धन्याला दिसत नाही आणि दुरुस्त करता येत नाही.

यात वाईट वाटून घेण्यासारखे फारसे नाही. मोडलेली मनगटे, वितळलेले दट्टे आणि वाया गेलेले पेट्रोल यांची किंमत कोणालाही पुन्हा मोजावीशी वाटणार नाही. पण जुन्या गाड्या ज्यांच्यापाशी आहेत त्यांच्यापुढे आज पुन्हा युद्धकाळातलाच प्रश्न उभा आहे. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये उसापासून व धान्यापासून काढलेल्या इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. कुमारप्पांच्या भाषेत, संपणाऱ्या साठ्यात उगवणाऱ्या पिकाची भर पडली. इथेनॉल खटखटीला पेट्रोलपेक्षा अधिक दाद देत नाही, पण त्याच्या अंगी प्राणवायू असल्याने हवेच्या मानाने इंधन थोडे जास्त लागते. नव्या इंजिनाचा तुकडा हे ओळखून आपले कोष्टक पुष्कळसे सावरून घेतो. कार्बुरेटर काही ओळखत नाही. त्याला ओळखून देणारा कान आणि हात हवा. आणि दोन कार्बुरेटर असतील तर दोहोंना सारखेच ओळखून देणारा हवा. असे हात आता थोडे उरले आहेत, आणि ते ज्यांचे आहेत त्यांच्याकडून ही विद्या शिकून घेणारी मुले त्याहूनही थोडी.

२०२० च्या जानेवारीत ‘चेतक’ हे नाव पुन्हा बाजारात आले, पण या वेळी विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर. तिच्यात इंजिन नाही, आणि म्हणून ठिणगीही नाही. वर्ध्याच्या ज्या घराण्याने चिखलापुढे हार मानून मोटारीचे इंजिन काढले आणि बैल जुंपले, त्याच घराण्याच्या कारखान्यात चौऱ्याऐंशी वर्षांनी इंजिनावाचून वाहन तयार झाले. मधल्या काळात तीन-चार पिढ्यांनी एका क्षणाचा पाठलाग केला. आधी वेळ, मग अन्न, हा त्या पाठलागात सापडलेला नियम आहे. ज्या घरात जुनी गाडी अजून उभी आहे त्या घरातल्या मुलाने तो एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शेजारी बसून, रबराची नळी कानाला लावून शिकून घेतला, तर त्यात त्याचा एक रविवार जाईल. परंतु जे नंतर कोणत्याही पुस्तकात तितक्या स्पष्टपणे ऐकू येणार नाही, ते त्याच्या कानात राहील.